भुऱ्याला घेऊन अल्लीपूरला

सेलूला आमच्या शेजारी राहणारे ते गृहस्थ सरकी काढायच्या जिनात कापूस मोजायचे. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांचा भुऱ्या कुत्रा, एवढेच. जेवण झालं का विचारलं, की म्हणायचे, "आमचं झालं." त्या 'आमचं'मध्ये भुऱ्या असायचाच.

एका उन्हाळ्यात धाकट्या बहिणीनं फारच आग्रह केला, म्हणून ते भुऱ्यासकट अल्लीपूरला चार दिवस राहायला निघाले. माझं आजोळ तिथलंच, तेव्हा मीही सोबत होतो. हिंगणघाटहून छकड्यात बसल्यावर त्यांनी सारी वाट आपल्या दुपट्ट्याची सावली कुत्र्यावर धरली होती.

दारात मेव्हणे म्हणाले, "या दादा. कुत्रं तेवढं भायेर राहू द्या."

"मंग आमीबी भायेरचेच," असं म्हणून त्यांनी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली. मी समजावून पाहिलं, पण ते ऐकेनात. बहीण पाण्याचा गडवा घेऊन धावत आली. "दादा, पानी तरी पेऊन जा ना!" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. भर उन्हात ते आणि कुत्रा आल्या वाटेनं चालू लागले.

त्याच पावसाळ्यात ती बहीण तापानं गेली.

पुढे एका संध्याकाळी ओट्यावर बसले असताना, मी काही विचारलं नसताना ते म्हणाले, "भुऱ्याले काईच वाटलं नोतं गा. मी दारात भांडून राह्यलो होतो, अन् तो आंगनात निंबाखाली मजेत निजला होता. मीच त्याले उठवून आनलं."