माइक नसलेलं मॉडेल

१६ डिसेंबर २००५. शुक्रवार संध्याकाळ, आणि समोरच्या घरातल्या काकांच्या बॅगा भरायच्या होत्या; दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या गल्लीतून कोणी भारतात निघालं की हे काम माझ्याकडे यायचं. मला ते चांगलं जमायचं. बाथरूममधला वजनकाटा मी हॉलमध्ये आणला आणि काकांच्या मुलाला बॅग घेऊन त्यावर उभं केलं.

"पोट आत घेऊन काही होणार नाही. आकडा तोच येणार," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही एअरलाइनपेक्षा स्ट्रिक्ट आहात यार," तो म्हणाला.

काका सोफ्यावर बसून हसत होते. नातू त्यांच्या मांडीवर होता, अडीच वर्षांचा. काका नागपूरचे. सहा महिन्यांसाठी आले होते, एकटेच. काकूंची नजर जवळजवळ गेली होती, त्यामुळे एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. हे मला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं.

काकांना गाण्याचं छोटं यंत्र न्यायचं होतं, म्हणून नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सेलमध्ये मीच त्यांना घेऊन गेले होते. अशा खरेदीत माझे प्रश्न ठरलेले असायचे. गाणी किती मावतात? बॅटरी आतली आहे की साधा सेल घालायचा? तो सेल नागपुरात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल का? इअरफोन बिघडला तर दुसरा लागेल का? दुकानातल्या मुलाला मी हे सगळं विचारलं आणि त्याला दोनदा आत जाऊन विचारून यायला लावलं. काका मागे उभे होते. मध्येच त्यांनी विचारलं, "बटणं बोटाला कळतील का?"

"काका, स्क्रीनला लाइट आहे. काळजी नको."

शेजारीच माइक असलेलं मॉडेल होतं. त्यांनी ते हातात घेतलं. मी ते काढून परत शेल्फवर ठेवलं. "हे मीटिंगा रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी. तुम्हाला कशाला?" ते "बरं" म्हणाले. मोठी माणसं लाजून बोलत नाहीत, त्यांच्या वतीने आपणच ठरवावं लागतं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

घरी आल्यावर मी यंत्रात माझ्याकडची दोनशे जुनी गाणी भरली. शुक्रवारी सकाळी कचऱ्याची गाडी येते, म्हणून बॅगा भरायच्या आदल्या रात्रीच खोकं चपटं करून, बिल फाडून बाहेर ठेवलं. मुंबईला कस्टमवाले कोरं खोकं बघून अडवतात. वस्तू वापरातली दिसली पाहिजे. हा सल्ला मी गल्लीभर वाटलेला होता.

तर त्या संध्याकाळी बॅगा झाल्यावर मी ते यंत्र काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि नातवाच्या तोंडासमोर धरलं.

"आता यात बोलायचं कसं?"

"यात बोलता येत नाही, काका. यात फक्त ऐकायचं."

"हो का," ते म्हणाले. मग हळूच, "काही हरकत नाही. गाणी आहेत ना."

त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात आली. "बाबा, आईंसाठीच घेतलं होतं ना हे?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आमचा हा छोटा फोनवर एक शब्द बोलत नाही. रिसीव्हर कानाला लावला की गप्प. आईंनी त्याचा आवाजच ऐकलेला नाही. बाबा म्हणत होते, भरून नेतो. आपण रिटर्न करू या ना. बॉक्स आहे ना?"

"खोकं आज सकाळी कचऱ्याच्या गाडीत गेलं," मी म्हटलं.

काकांनी यंत्र खिशात टाकलं आणि बॅगेची चेन नीट लागली का ते बघायला उठले. ती मी आधीच दोनदा बघितली होती. मला तिथे उभं राहवेना. दुकानातले दोन्ही प्रसंग आता मला लख्ख दिसत होते. बोटाला कळणारी बटणं कोणासाठी हवी होती, माइक कशाला हवा होता. एवढे प्रश्न विचारले, पण ज्यांची वस्तू होती त्यांना एकही विचारला नव्हता. उलट त्यांनी विचारलेलं मोडीत काढलं होतं, तेही दुकानातल्या पोराच्या देखत.

मी कोट चढवून गाडी काढली आणि दुकान गाठलं. नाताळच्या गर्दीत माइकवाली सगळी मॉडेल संपली होती. परत येऊन हे सांगितलं तर काका म्हणाले, "अहो, एवढ्या बर्फात कशाला गेलात?" त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

रात्री सुचलं की यंत्राला बोलणं भरता येत नसलं, तरी कॉम्प्युटरला येतं.

सकाळी सात वाजता मी लॅपटॉप आणि इंटरनेटवर बोलायचा माइक घेऊन त्यांच्याकडे गेले. माइक नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यामागे लपवला आणि मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसले, कारण मला बघितलं की नातू गप्प होतो. काका त्याला दूध भरवत होते. बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आबा, स्नो नाही खायचा. थंडी पोटात जाते." काकांनी विचारलं, "मग काय खायचं?" त्यावर तो जे सुरू झाला ते दूध संपेपर्यंत.

ते सगळं मी यंत्रात भरलं आणि माझी दोनशे गाणी पुसून टाकली, म्हणजे सुरू केल्याबरोबर तोच आवाज येईल. सुरू करायच्या बटणावर मखमली टिकली चिकटवली. काकांनी डोळे मिटून अंगठ्याने ती शोधली. तिसऱ्यांदा सापडली. ते थँक यू म्हणाले तेव्हा मला वर बघवलं नाही. मी बाहेर गेले आणि त्यांची गाडी निघेपर्यंत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत राहिले.