झगे शिवणाऱ्या मास्तरांचं मत

माझे सासरे चर्चच्या पाळकांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, झगे शिवत. आमच्याच मंडळीत नव्हे, आसपासच्या दहा-बारा चर्चच्या मंडळ्यांमध्ये ज्याला पाळक म्हणून दीक्षा मिळाली, तो कधी ना कधी आमच्या दुकानातल्या आरशासमोर हात पसरून उभा राहिलेला आहे. एरवी वर्षभर शाळांचे गणवेश आणि खिडक्यांचे पडदे. झगे वर्षाला दोन, फार तर तीन. पण पाटीवर मोठ्या अक्षरांत झगेच.

लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे 'उसवणारे'. एक टाका वाकडा गेला की ते अख्खी बाही उसवत. गिऱ्हाईक म्हणे, राहू द्या हो, कोण बघतंय. सासरे म्हणत, मी बघतोय ना. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे फार थोर वाटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला काजं करायला बसवलं आणि माझी अठरा काजं उसवून, वर हसून, परत माझ्या हातात दिली. तेव्हा थोरपण जरा कमी झालं.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या सतरा पंचांपैकी ते एक होते. सभेत ते बोलत नसत. त्यांच्या शेजारी वकीलसाहेब बसत आणि दोघांच्या वाटचं बोलत. वकीलसाहेब त्यांचे शाळेपासूनचे मित्र. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघांचा बुद्धिबळाचा डाव बसे, आणि पटावरही वकीलसाहेबच बोलत.

तर त्या वर्षी आमच्या सेविकाबाईंनी दीक्षेसाठी अर्ज केला. लहानपणापासून याच मंडळीत वाढलेली मुलगी. धर्मशास्त्राची पदवी घेऊन आली, नऊ वर्षं मुलांचे वर्ग घेतले, इस्पितळात आजाऱ्यांजवळ बसली. माझ्या सासूबाई शेवटचे तीन आठवडे कुणाला ओळखत नव्हत्या, तेव्हा त्यांच्या उशाशी रोज दुपारी हीच असायची. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर राहते हे सगळ्यांना माहीत होतं. अर्ध्या मंडळीचे दात त्या डॉक्टरीणबाईंनीच दुरुस्त केलेले. सगळे त्यांना 'सेविकाबाईंची मैत्रीण' म्हणत आणि विषय तिथेच संपे. अर्जात कुटुंबाविषयी एक रकाना असतो. बाकीचे तिथे 'अविवाहित' लिहून मोकळे होतात. हिने लिहिलं, 'आम्ही दोघी अकरा वर्षं जोडीदार म्हणून एकत्र राहतो.' झालं. जे माहीत असून चालत होतं, ते लिहिल्यावर चालेना.

मग आठ महिने नुसती चर्चा. दोन्ही बाजूंनी शास्त्रातली वचनं निघाली. अभ्यासगट बसला, त्याचा अहवाल आला, अहवालावर दुसरा अभ्यासगट बसला. वकीलसाहेब म्हणत, माणूस म्हणून तिच्याबद्दल आदरच आहे, पण वेदीवर उभं राहणं वेगळं. सासऱ्यांना मी एकदा विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, पहिल्या बाईला दीक्षा द्यायची ठरली तेव्हाही हीच भाषणं झाली होती. शेवटी माझ्यापुढे प्रश्न एकच आला, की छातीला चुण्या कुठे घ्यायच्या. आणि ते मशीनकडे वळले. मला वाटलं, म्हणजे होकारच.

झगा तयार होत होता. शिवायला दोन महिने लागतात, म्हणून माप निकालाच्या आधीच घ्यायची आमच्याकडे रीत आहे. सेविकाबाई ट्रायलला आल्या, आरशात बघून म्हणाल्या, काका, खांदे बरोबर बसलेत. सासऱ्यांनी मान डोलावली. एवढंच.

आता मतदानाची पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत. होकार असेल त्याने उभं राहायचं, बसलेला तो विरोधात. दीक्षेला सतरांत बारा लागतात. सासऱ्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. गीताला सगळे उभे राहिले तरी हे दुसऱ्या कडव्यापर्यंत उठतच असत. म्हणून मोठे पाळक मतं मोजताना त्यांच्यापुरती सवलत देत. यांनी पुढच्या बाकावर हात टेकला, की ते उठले असं धरून पुढे मोजायचं. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

सभेच्या दिवशी मी मागच्या बाकांवर होते. सेविकाबाई माझ्याही मागे, एकट्याच. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम दवाखाना उघडा ठेवला होता. होकारवाले उभे राहा म्हटल्यावर बाक करकरले. मोठे पाळक बोटाने मोजत आले. अकरा झाले, आणि सासऱ्यांचा हात पुढच्या बाकावर टेकला. "बारा," मोठे पाळक म्हणाले आणि वहीत लिहायला वाकले. माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास सोडला. कुणी ते मी वळून पाहिलं नाही.

"माफ करा," सासरे बसूनच म्हणाले. "मी उठत नव्हतो. पाय आखडला होता."

मोठ्या पाळकांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हे टाळता आलं असतं तर त्यांनी टाळलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी दोनदा विचारलं, मास्तर, नक्की ना? वकीलसाहेबांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. हे म्हणाले, नक्की. अर्ज नामंजूर झाला.

चार दिवसांनी सेविकाबाई दुकानात आल्या. दुसऱ्या गावच्या इस्पितळात त्यांना काम मिळालं होतं, डॉक्टरीणबाईही दवाखाना हलवणार होत्या. त्यांचा झगा ट्रायलनंतर दुकानातल्या पुतळ्यावर चढवलेला होता, तो तसाच होता. त्यांनी त्याकडे पाहिलंच नाही. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, वहिनी, बसा, मला वेळ नाही.

"काका, चुकून मोजलेल्या मतावर मी पाळक झाले नसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत ते बरंच केलंत. मला दुसरंच विचारायचंय. तुमचा विरोध होता का?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता गुडघ्याचंच काहीतरी सांगणार.

"नव्हता," ते म्हणाले. "शेजारी तो बसला होता. त्याच्या शेजारून उठायचा धीर झाला नाही."

"म्हणजे पायाचं खरं सांगितलंत."

"हो."

"आणि मनातलं नाही."

सेविकाबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली, मला येते म्हणाल्या आणि दाराशी थांबून, जरा हळू आवाजात, इतकंच म्हणाल्या, "काकूंजवळ बसायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, तू माझ्या घरची आहेस." आणि त्या गेल्या. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. मला त्यांची दया येत होती आणि तेवढाच संतापही.

त्यापुढच्या दुसऱ्या रविवारी, उपासना संपून सूचना वाचून झाल्यावर, सासरे उठायला लागले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं आणि सगळे थांबले, कारण ते अर्धे उठेपर्यंत बसायला सांगणंही बरं दिसेना. या वेळी त्यांनी पुढच्या बाकाला हात लावला नाही, त्यामुळे आणखीच वेळ लागला. पूर्ण उभे राहिल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी माझा होकार होता. मी घाबरून बसून राहिलो. एवढंच सांगायचं होतं."

मोठे पाळक म्हणाले, मास्तर, निकाल नोंदला गेलाय, आता तो बदलता येणार नाही. ते म्हणाले, माहीत आहे. वकीलसाहेबांनी गीतांचं पुस्तक उचललं आणि ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. त्या संध्याकाळी बुद्धिबळाला कुणी आलं नाही, आणि पुढेही नाही.

घरी परतताना सासऱ्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना वाटत असणार. रस्त्याने भेटलेल्या दोघीतिघी म्हणाल्याही, काय धीराचा माणूस. मला अभिमान वाटला असं मलाही म्हणायला आवडलं असतं. पण आदल्या दिवशीच मी सेविकाबाई आणि डॉक्टरीणबाईंना सामानाचा टेम्पो भरायला मदत करून आले होते, त्यांच्या रिकाम्या खोल्या झाडून किल्ली घरमालकाला देऊन आले होते. मी सासऱ्यांचा हात धरून त्यांना फुटपाथवर चढवलं आणि म्हटलं, बाबा, दोन आठवडे आधी उठायला हवं होतंत. ते म्हणाले, हो.