रंग बघून पुढं सारलेली यादी

नातीच्या शाळेच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती. त्यांवर हे लिहिते आहे, कुणाला दाखवण्यासाठी नाही. चार माणसांत माझा घसा बंद होतो, पण राग काही बंद होत नाही. तो महिनाभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना माझ्याबरोबर फिरतो आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांत तो मावतो का बघते.

परदेशात, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात मुलीकडे येऊन मला तीन वर्षं झाली. ती इथं शिकायला आली आणि इथलीच झाली. जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत. मुलगी विद्यापीठात दीर्घिकांवर काम करते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वस्ती. हा शब्द तिनंच मला शिकवला. माझ्याशी बोलताना ती मराठी शब्द शोधून आणते. नात आणत नाही. तिला मराठीत विचारलेलं सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते.

मागच्या वर्षी एका दुपारी मी ओट्यावर बेदाणे निवडत बसले होते. ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या दुकानातून जावयांनी मोठं पाकीट आणलं होतं, वर 'गोल्डन' लिहिलेलं. मुलगी लॅपटॉप घेऊन समोर बसली. मी तिला विचारलं, "तुझं काम नेमकं काय गं? कुणी विचारलं तर मी नुसती 'तारे बघते' म्हणते."

ती म्हणाली, "आई, वर एक उपग्रह आहे. तो गॅमा किरण पकडतो. पण किरण नेमका कुठल्या ठिपक्यातून आला ते त्याला सांगता येत नाही. आकाशाच्या या तुकड्यातून आला, एवढंच सांगतो."

"म्हणजे गल्ली सांगतो, घर सांगत नाही."

"हां. आणि गल्लीत शेकडो घरं."

मग तिनं सांगितलं की काही दीर्घिकांच्या पोटात भलंमोठं कृष्णविवर असतं. ते आजूबाजूचं गिळतं आणि गिळताना एक झोत बाहेर फेकतं. तो झोत नेमका आपल्या दिशेनं असला की तिथून गॅमा किरण येतात, टॉर्च थेट डोळ्यांवर मारल्यासारखे. अशी दीर्घिका त्या गल्लीत कुठली, ते शोधायचं.

"कसं शोधतेस?"

"दुसऱ्या एका दुर्बिणीनं सगळं आकाश उष्णतेच्या प्रकाशात बघून ठेवलं आहे. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याचेही प्रकार असतात. एका प्रकारात वस्तू किती उजळ, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात किती, ते मोजायचं. त्यांच्यातल्या फरकाला आम्ही रंग म्हणतो."

"नुसतं उजळ बघून चालत नाही?"

"नाही. उजळ तर जवळचा साधा ताराही असतो. फरक बघायचा. फरक कागदावर मांडले की तारे एकीकडे पडतात, धुळीनं भरलेल्या दीर्घिका दुसरीकडे, आणि या झोतवाल्या एका अरुंद पट्ट्यात. गल्लीतलं जे घर त्या पट्ट्यात बसतं, ते बहुतेक आपलं."

मला हे लगेच कळलं, आणि कळलं याचं मला नवल वाटलं नाही. लग्नानंतर सतरा वर्षं मी तासगावकडच्या एका बेदाणा शेडमध्ये निवडायला जात होते. बेदाण्याचा रंगही एका जागी बघून कळत नाही. पाठीचा रंग वेगळा असतो, देठाकडचा वेगळा. दोन्ही बघून हात ठरवतो, हिरवा कुठं, पिवळा कुठं, काळा कुठं.

"बहुतेक म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दुसराही कुणी चुकून त्या पट्ट्यात येऊन बसतो. म्हणून मोठ्या दुर्बिणीनं त्याचा प्रकाश फोडायचा. त्यात कुठल्या रेषा आहेत, कुठल्या नाहीत, ते बघायचं. मग खात्री."

"म्हणजे चावून बघायचं."

ती हसली. मग मान हलवून म्हणाली, "हो गं. अगदी चावूनच."

चावून बघायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते मला चुकून कळलं होतं. गंधकाची धुरी दिली की बेदाणा सोनेरी होतो. बरा असला तर होतोच, पण आतून आंबलेला असला तरी होतो. म्हणून दर क्रेटमधले चार-दोन दाणे दातानं फोडून बघायचे. एका हंगामात माल फार आला. मुकादम पाठीशी येऊन उभा राहायचा. "चावत काय बसलाय? रंग बघा, पुढं सारा." आम्ही पुढं सारला. आठवड्यानं तो माल परत आला, आंबलेला. मालकासमोर मुकादमानं माझ्या शेजारच्या बाईकडं बोट केलं. माल निवडायच्या त्या रॅकवर आम्ही दोघी होतो. घाई करायला त्यानं सांगितलं होतं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी मान खाली घालून निवडत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती बाई आली नाही. मुकादमाचा राग मला आजही येतो, पण त्या दिवशीच्या माझ्या खाली गेलेल्या मानेचा जास्त येतो.

आता यावर्षीचं.

मुलीबरोबर काम करणारे एक पुण्याचे गृहस्थ आहेत. तिच्याहून मोठ्या जागेवर आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. एका रविवारी दुपारी ते जेवायला आले. मी पुरणपोळ्या करत होते. अंगावर साधं सुती लुगडं, खांद्यावर फडकं. मी बाहेर आले तशी त्यांनी हातातला पाण्याचा रिकामा ग्लास माझ्या हातात दिला आणि मुलीला म्हणाले, "अरे वा, स्वयंपाकाला मावशी मिळाल्या तुम्हाला? हॅमिल्टनमध्ये? लकी आहात."

मुलगी म्हणाली, "आई आहे माझी, सर."

"ओह, सॉरी हं काकू." आणि ते हसले. ग्लास माझ्याच हातात राहिला.

मी मनाला लावून घेणार नव्हते. माणूस चुकतो. पण जेवताना जे झालं ते चुकून झालेलं नव्हतं.

मुलीची यादी तयार झाली होती. ज्यांचं घर सापडलेलं नाही अशा गॅमा किरणांच्या गल्ल्या, आणि प्रत्येकीत रंगावरून निवडलेली एकेक दीर्घिका. तीन ठिकाणी तिला शंका होती. दुसऱ्या देशातल्या डोंगरावरच्या दुर्बिणीवर तिला त्या तिघींसाठी वेळ मिळाला होता, पण तो दोन महिन्यांनंतरचा. आणि शास्त्रज्ञांच्या परिषदेला यादी द्यायची मुदत शुक्रवारी संपत होती. यादीवर पहिलं नाव मुलीचं होतं. पुढची नोकरी तिला याच यादीवर मिळायची होती. ती चुकीची निघाली तर चूकही तिच्याच नावावर राहणार होती. हे सगळं जावयांनी मला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं.

सर पोळीवर तूप घेत म्हणाले, "त्या तिघींपुढंही 'ओळख पटली' असंच लिही. रंग जुळताहेत ना? प्रोग्रॅमनं पास केल्यात ना?"

"जुळताहेत सर. पण एकीच्या अगदी शेजारी दुसरं काहीतरी आहे. लांब लहरींच्या फोटोत दोन्ही एकत्र मिसळल्यासारखं वाटतं. मिसळलं असेल तर रंगच खोटा."

"वाटतं म्हणजे काय? वाटण्यावर सायन्स चालत नाही. आणि 'कदाचित' लिहिलेल्या यादीकडे कुणी बघत नाही. शुक्रवारी जाऊ दे, नंतर बघू."

मुलगी ताटाकडे बघत राहिली. तिची मान तशीच गेलेली होती, खाली. ती मान मी ओळखते. माझ्याच घरात ती वाढलेली आहे.

मी पोळी वाढत होते. कशी कोण जाणे, मी बोलले. "चावून बघितल्याशिवाय सोनेरी म्हणू नये."

सरांनी वर बघितलं. "काय म्हणालात?"

मी पोळ्यांच्या डब्यात हात घातला. मुलगी म्हणाली, "आई बेदाणा निवडायची, सर. रंगावरून निवडलं तरी आतून तपासायचं, असं म्हणतेय ती."

सर मोठ्यानं हसले. "काकू, हे बेदाणे नाहीत हो. हे अब्जावधी प्रकाशवर्षं लांब आहेत." मग जावयांकडे वळून म्हणाले, "चला, सोडवला प्रॉब्लेम. डोंगरावर दुर्बीण कशाला, काकूंना पाठवू."

जावई हसले नाहीत. "पोळी घ्या सर," एवढंच म्हणाले. ते मला बरं वाटलं.

सर गेल्यावर मुलगी भांडी पुसायला माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. ते बोलायला तसेच आहेत. कामात चांगले आहेत."

"माझं सोड. तू काय लिहिणार आहेस?"

"त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, आई. बहुतेक तिघीही बरोबर निघतील."

तेव्हा मी तिला शेजारच्या बाईची गोष्ट सांगितली. ती चौदा वर्षांची असताना घडलेली, पण तिला मी कधीच सांगितली नव्हती. सांगताना माझा आवाज चढला. नात हॉलमधून ओरडली, "आजी, आर यू ओके?" मी म्हटलं, "ओके नाही." आणि पुढं बोलत राहिले. "माल परत आला की मुकादमाचं नाव कुणी घेत नाही. ज्याच्या रॅकवर होता त्याचं घेतात. तुझ्या रॅकवर तुझं नाव आहे. आणि मुकादम कोण ते तुला ठाऊक आहे."

ती ताट पुसून झालं तरी पुसत राहिली.

गुरुवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातूनच सरांना फोन लावला. बोलणं इंग्रजीत होतं. मला शब्द कळले नाहीत, पण 'नो' कळला. दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज अजिबात चढवला नाही. फोन ठेवून मला सांगितलं, "तिघींपुढं 'उमेदवार' लिहिलंय. ओळख पटली म्हटलेलं नाही. सर म्हणाले, तुझं करिअर तू बघ."

"आणि?"

"आणि काय. चहा दे."

परिषदेनं यादी घेतली, पण तिला व्यासपीठावर बोलायला बोलावलं नाही. भिंतीवर कागद लावायची जागा दिली. सर पुढं महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. या दिवसांत ती रोज घरी येऊन विचारायची, "मी मूर्खपणा केला का गं?" दर वेळी मला राग यायचा, तिचा नाही, तिला हे विचारायला लावणाऱ्याचा.

दोन महिन्यांनी दुर्बिणीचे आकडे आले. तिघींपैकी दोघी खरंच झोतवाल्या निघाल्या. जिच्या शेजारी दुसरं काहीतरी आहे असं तिला वाटत होतं ती तिसरी निघाली धुळीनं भरलेली साधी दीर्घिका. शेजारच्या ताऱ्याचा उजेड मिसळून तिचा रंग तसा दिसत होता. मुलीनं मला तो आलेख दाखवला. मला त्यातलं फार कळलं नाही. तिचा खांदा सैल झाला होता, ते मात्र दिसलं. 'ओळख पटली' लिहिलं असतं तर ही चूक तिच्या नावानं जगभर फिरली असती.

इथंच संपलं असतं तर मी ही वही उघडली नसती.

गेल्या महिन्यात ऑकलंडला आपल्या लोकांचा कार्यक्रम झाला. मुलीचं मराठीत भाषण ठेवलं होतं आणि तिची ओळख करून द्यायला सर. मी मागच्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून, शाल पांघरून. सर माईकवर म्हणाले, "आमच्या कामात मी सुरुवातीपासून एकच गोष्ट सांगत आलोय. रंगावर जाऊ नका. बेदाणा सोनेरी दिसला तरी चावून बघा." सगळे हसले. टाळ्याही पडल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती सोपं करून सांगतात, नाही?"

मी मुलीकडे बघितलं. तिनंही माझ्याकडे बघितलं. मग ती उठून माईककडे गेली, नमस्कार म्हणाली, इथल्या रिवाजाप्रमाणं किया ओरा म्हणाली आणि आपलं भाषण सुरू केलं. चांगलं बोलली. ते वाक्य कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही. तिनं सांगायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. आईचं वाक्य म्हणून नाही. ज्या दुपारी ते वाक्य बोललं गेलं, त्या दुपारी सर स्वतः काय म्हणत होते, ते लोकांना कळायला हवं होतं.

कार्यक्रमानंतर चहा होता. मी टेबलाजवळ नुसती उभी होते. सर कुणाशी तरी बोलत बोलत आले. बोलणं चालूच होतं, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि रिकामा कागदी कप त्यांनी माझ्यापुढं धरला.

मी हात शालीच्या आत ठेवले.

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी बघितलं. ओळखलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "काकू, तुम्ही," म्हणाले. मी मान खाली घातली नाही. ते कप घेऊन कचऱ्याचा डबा शोधत गेले. डबा हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता.

परतीच्या वाटेवर मी गाडीत मुलीशेजारी बसले होते. ऑकलंडचं मनुरेवा मागं पडल्यावर ती म्हणाली, "कप का नाही घेतलास?"

"त्यांचा होता," मी म्हटलं.

रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "ते वाक्य मी सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "हवं होतं."