शिट्टी वाजली आणि बा खाली बसला

शिट्टी वाजली. सगळे पळाले. माझा बा खाली बसला.

बा एकटाच नव्हे. आमच्या वस्तीतले चारही बाप्ये बसले. उकिडवे, ओळीनं, मान खाली घालून, शर्यतीच्या पांढऱ्या रेघेवरच. शहरातले मास्तर, कारकून, दुकानदार धोतराचे काचे मारून पुढं धावत सुटलेले, आणि मागं आमची माणसं मातीत बसलेली. मग जे हसू फुटलं म्हणता! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पोरांची तर हसून हसून मुरकुंडी वळली.

"अहो, बसलात काय! पळा की!" कुणीतरी ओरडलं.

बा हलला नाही. आपलं काय चुकलं हेच त्याला कळेना.

त्याचं काही चुकलंच नव्हतं. आम्ही तारेतली माणसं. गोऱ्या सरकारनं आमची जातच्या जात चोर ठरवलेली, पोटातल्या पोरासकट. सोलापुराबाहेर काटेरी तारेच्या आत आमच्या खोल्या. मिलमध्ये जायचं तर पास. सकाळ-संध्याकाळ हजेरी. हजेरीची शिट्टी वाजली की हातातलं टाकून ओळ धरायची, उकिडवं बसायचं आणि नाव पुकारेपर्यंत मान वर करायची नाही. उभा राहिला त्याला छडी. पळाला तो फरारी. हे बाच्या हाडांत मारून मारून भिनवलेलं. आणि हे शहाणे शिट्टी फुंकून शर्यत सुरू करतात! ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना काय.

शहरात तेव्हा व्यायामाचं वारं सुटलं होतं. तालमी, नमस्कार, लेझीम, जिकडंतिकडं तेच. एका वकिलानं आरोग्याचा मेळा भरवला. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी अंग हलवायचं, रोग पळवून लावायचा. मांडवावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलं होतं. आमच्या वस्तीच्या साहेबाला वाटलं, आपली माणसं किती सुधारली ते दाखवावं. आम्हा पोरींची कवायत ठेवली. ती मास्तरांच्या तोंडच्या आकड्यांवर झाली, टाळ्या पडल्या. मग चाळिशीपुढच्या पुरुषांची शर्यत, तिच्यात बा.

बाला कसली आलीय हौस? मिलमध्ये दिवसभर कापडाच्या गाठी ओढणारा माणूस तो. त्याला ह्यांनी व्यायाम शिकवायचा! पण साहेब त्याला म्हणाला होता, "मैदानात नीट वागलास तर तुला तारेबाहेर घर देतो."

तारेबाहेर घर म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. रात्री तारेचं दार बंद व्हायचं ते सकाळपर्यंत. माझी धाकटी बहीण तापानं फणफणली तेव्हा आय तिला छातीशी धरून दारात ओरडली होती. दार उघडलं ते उजाडल्यावर. तोवर पोरीचं अंग थंड पडलं होतं. आता आय पुन्हा गरोदर होती. हे पोर तारेबाहेर जन्मावं, एवढंच तिचं मागणं होतं. मेळ्याच्या आदल्या दिवशी तिनं बाचा सदरा दोनदा धुतला.

वकील मांडवात उभा राहिला. म्हणाला, "पाहिलंत? पिढ्यान्‌पिढ्या ऐतखाऊपणा मुरला की असं होतं. हे पळणार ते पोलीस मागं लागला तरच. गाढवाला गुळाची चव काय!"

लोक पुन्हा हसले. तेवढ्यात साहेब त्याच्या कानाशी लागला. शिट्टीचं कारण सांगितलं असणार. मला वाटलं, आता ह्याची मान खाली जाईल. माणूसच आहे की तोही.

"असं होय!" वकील म्हणाला. "मग पुन्हा फुंका बघू. आमच्या मंडळींनी पाहिलं नाही."

मंडळी म्हणजे त्याची बायको. साहेबानं शिट्टी स्वतः घेतली.

"उठा रे. रेघेवर या."

उठले. शिट्टी वाजली. बसले. हशा. पुन्हा उठा. पुन्हा शिट्टी. पुन्हा बसले. आता बाला सगळं कळलं होतं. तो साहेबाकडं बघायचा, घर डोळ्यापुढं आणायचा आणि बसायचा. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मला लांबून दिसत होतं.

एक गोष्ट कुणी पाहिली नव्हती. पहिल्या शिट्टीला माझेही गुडघे वाकले होते. कवायत संपल्यावर आम्हा पोरींना उभं केलं होतं त्या ओळीत, नव्या परकरात, मीही अर्धी खाली गेले होते. बारा-तेरा वर्षांची पोर मी. कुणी कधी मारलंही नव्हतं मला, तरी गुडघे वाकले. अंगाची लाही लाही झाली. मी ओळ सोडली आणि सरळ बाजवळ गेले.

"बा, ऊट."

"खाली बस, पोरी. घर जाईल."

"जाऊ दे. ऊट तू."

साहेब आला. माझ्या कानाशी शिट्टी धरून फुंकली. कान फाटतोय असं वाटलं. पण गुडघे मी वाकू दिले नाहीत.

"खाली बस."

"न्हाई बसत."

छडी पोटरीवर बसली. पुन्हा बसली. बानं माझा परकर धरला. "बस गं, तुज्या पाया पडतो." खरंच त्यानं माझ्या पायाला हात लावला. बापानं लेकीच्या पायाला! देवा रे. छडीपेक्षा ते लागलं. तरी मी उभी राहिले. मग हसणं थांबलं. वकिलानं बॅंडवाल्याला खूण केली आणि पुढची शर्यत सुरू झाली.

घर गेलं. आयनं मला बडवलं. "घर खाल्लंस माजं," म्हणाली. तिचंही बरोबरच होतं, तिला त्या दाराची भीती होती. बा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. माझा भाऊ तारेतच जन्मला. जगला तो, पण ते आयच्या हिमतीवर, त्यात साहेबाचे उपकार नाहीत.

आजही कुणी आरोग्यावर प्रवचन झोडू लागलं की मी मधेच विचारते, "चालावं, पळावं, खरंय. पण आधी सांगा, दार उघडं हाय का?" लोकांना राग येतो. येऊ दे.

मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली. शिट्टी वाजली. सगळी वस्ती बसली. आयनं डोळ्यांनी विनवलं. पोटरी सुजून टम्म झालेली, उभं राहवत नव्हतं. मी उभी राहिले.

हजेरीवाला शिपाई जवळ आला. "काय गं, बसायला येत न्हाई? पाय मोडलं काय?"

"न्हाई," मी म्हणाले. "पाय माजंच हायेत. दमले की मी आपली बसंन. तुमी फुंकत ऱ्हावा."