मंगेशदादाची नोंद

आज सकाळी मी मंगेशदादाला डिलीट करायला बसले.

त्याला जाऊन आज वर्ष झालं.

मंगेशदादा म्हणजे अमरावतीच्या आमच्या छोट्या ऑफिसातला सगळ्यात सीनियर डेव्हलपर. अंजनगाव सुर्जीचा, पानमळेवाल्या घरातला. बोलणं असं, की पुण्याचा क्लायंट आधी दचकायचा आणि पुढच्या कॉलला त्यालाच शोधायचा.

आम्ही एक लायब्ररी लिहीत होतो. पुस्तकांची नाही, कोडची. अडतीचं अ‍ॅप कोणीही बनवो, शेतकरी आणि त्याचा माल सांभाळणारा कोड त्याला आयता मिळावा म्हणून.

खाली डेटाबेस कोणता घ्यायचा, यावर मात्र आमचं रोज वाजायचं.

दादाला रिलेशनल हवा होता, म्हणजे आखीव टेबलं आणि एकमेकींना बांधलेल्या नोंदी. मी नॉन-रिलेशनलसाठी हटून बसले होते. प्रत्येक अडत्याची पद्धत वेगळी, मग टेबलं आखत कशाला बसायचं? येईल तशी नोंद टाकायची आणि मोकळं व्हायचं.

दादा म्हणाला, लाव ट्रायल.

अकोल्याच्या एका अडतीवर लावली. तिथल्या ऑपरेटरला एकाच मोबाईल नंबरवर दोन शेतकरी दिसले, ज्ञानेश्वर आणि बाळूभाऊ. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव आणि गावाच्या तोंडी दुसरं, हे घरोघरी. त्याने डबल एन्ट्री समजून बाळूभाऊ उडवला.

माल नेमका बाळूभाऊच्या नावावर होता.

संत्र्याचे कॅरेट समोर, बाळूभाऊ समोर, आणि अ‍ॅपमध्ये माल कोणाचाच नाही. म्हातारा सारखा विचारत होता, माझा माल गेला कुठं? अडत्या म्हणाला, तुमचं अ‍ॅप घेऊन जा.

परतताना बडनेऱ्याजवळ दादाशी विषय निघाला. मी म्हटलं, कोडमध्ये चेक टाकते, पुन्हा असं होणार नाही.

"तू टाकशीन वं. तुह्या मागून येणारा विसरन. ज्याच्या नावावर माल हाय, त्याले डेटाबेसनंच काढू नाही देल्लं पाह्यजे."

रिलेशनल ठरलं.

पण माझा मुद्दाही त्याने फेकला नाही. अडत्यागणिक बदलणाऱ्या गोष्टींसाठी एक मोकळा रकाना ठेवला आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, ही हिची आयडिया हाय.

असा सीनियर मला मिळाला, याचा आजही माज आहे मला.

टेस्ट डेटा त्याने घरचाच भरला. शेतकरी: मंगेश. माल: नागवेलीची पानं.

शेवटच्या आजारात दवाखान्यात भेटायला गेले, तर तब्येतीचं बोलूच देईना.

"लायब्ररी चालून राहिली ना?"

"चालून राहिली, दादा."

ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नाही अशी पोरं आज तिच्यावर अ‍ॅप बनवतात. तो अकोल्याचा अडत्यासुद्धा परत आला.

आज नवीन व्हर्जन काढायचं होतं. जुना टेस्ट डेटा साफ करता करता त्याचं नाव आलं. काम म्हणून डिलीट दाबलं.

डेटाबेसने नकार दिला. या नावावर माल आहे, काढता येणार नाही.

आधी पानांची नोंद काढली असती, तर तोही निघाला असता. मला येतं ते.

नाही काढली. तिथेच बसून रडले, मग हसले, आणि व्हर्जन त्याच्या नावासकट पाठवलं.

दादा, तुझंच बरोबर होतं.

तुला मनापासून नमस्कार.