गुणायचा राहिलेला पाच

गणिताला हात घालण्याआधी मावशी कंसावर अंगठा ठेवायच्या. "आधी ह्यांना भाईर काढू द्या मॅडम, बाकीचं मग," म्हणायच्या.

उमरीच्या आमच्या शाळेत त्या शिपाई होत्या. त्यांचे दहावीचे बाकी विषय निघाले होते, गणित दोनदा राहिलं होतं. ते निघालं तर किनवटच्या शाळेत, प्रयोगशाळेत कायमची जागा मिळणार होती. म्हणून रोज मधल्या सुट्टीआधी, माझ्या मोकळ्या तासाला, वही घेऊन समोर बसायच्या.

आता तुम्हीच बघा, शिकवणाऱ्याचा जीव कुठं जातो. एक्स छेद दोन, अधिक पाच. बरोबरच्या चिन्हापलीकडं एक कंस, त्याखाली तीन. सगळ्यांना सहाने गुणलं की छेद गेले. मावशी अपूर्णांकांना नीट गुणायच्या आणि पाच तसाच ठेवायच्या.

"त्याच्याखाली काईच न्हाई मॅडम. सुखी हाय ते. त्याला कशाला?"

महिनाभर हेच. एकदा मी चिडून वही मिटली. "तुमच्या डोक्यात हे शिरणार नाही," असं बोलून गेले. त्या उठल्या आणि खिचडी वाढायला गेल्या. माझीच मला लाज वाटली. मीही मागोमाग गेले.

रांगेत एक मुलगी घरचा डबा उघडून बसली होती. मावशींनी तिच्याही झाकणात खिचडी वाढली.

"तिच्याकडं आहे की," मी म्हटलं.

"असू द्या. रांगेत बसली म्हनल्यावर तिला बी..." पळी हातातच राहिली. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मॅडम, पाच बी रांगेतच हाय की."

गणित निघालं. काठावर, पण निघालं. निकाल बघून त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, आणि मी त्यांच्याहून जास्त रडले. महिन्याभरात किनवटला गेल्या.

त्यांच्याशिवाय मला शाळेत करमत नाही, हे सरळच सांगते. परवा राहवलं नाही, फोन केला. तिथल्या वसतिगृहातल्या पोरी संध्याकाळी त्यांच्याकडं गणिताच्या वह्या घेऊन येतात म्हणे.

"कुठं अडलं तर मला विचारा हं," मी म्हटलं.

"विचारीन की. पर अजून न्हाई अडलं मॅडम." मग जरा अवघडून म्हणाल्या, "ठेवू का? पोरी थांबल्यात."