पडवीत सापडलेला बिल्ला

त्या वर्षी सोलापुरात लष्करी कायदा येऊन गेला होता. बंदोबस्ताची पलटण परत गेली, दुकानं उघडली, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वेळेवर वाजू लागले. तरी आमच्या गल्लीत कुणी दार जोरात वाजवलं की मागावर बसलेल्या सासऱ्यांच्या हातातला धोटा थांबायचा. मी तर जन्माची भित्री. मांजरानं भांडं पाडलं तरी मला वाटे, आले झडती घ्यायला! माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. वडील मोहोळला मास्तर होते, त्यामुळे मला इंग्रजी अक्षरं लागायची. विणकराच्या घरात या विद्येचा तोवर एकदाही उपयोग झाला नव्हता. झाला तेव्हा वाटलं, वडिलांनी शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

भाद्रपद लागला आणि सासऱ्यांनी घरात आणखी एक माग घालायचं ठरवलं. आमचे माग खड्ड्याचे. विणणाऱ्यानं जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं पावड्या दाबायच्या. पडवीत उजेड भरपूर, म्हणून खड्डा तिथंच घ्यायचा ठरला. थोरल्या जाऊबाई मात्र "मधल्या खोलीत घ्या की, हितं पावसाचं पानी येतंय" असं तीनदा म्हणाल्या. एरवी ही बाई एक गोष्ट एकदासुद्धा धड बोलायची नाही. सासऱ्यांनी ऐकलं नाही. ह्यांनी कुदळ घेतली, आणि हातभर खाली गेल्यावर ती पत्र्यावर खणकन आदळली.

गंजून चाळण झालेली डबी होती. आत कापडाची पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीच्या आत पितळी बिल्ला. वर मुकुट, मध्ये वाकडा कर्णा, खाली इंग्रजी आकडे. पलटणीतल्या शिपायाचा बिल्ला, हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता.

"दार लाव," सासरे म्हणाले.

मग सगळे हळू आवाजात एकदम बोलायला लागले. गडबडीच्या दिवसांत कुणी शिपायाचा उचलून आणून इथं पुरला असेल का, झडती झाली तर काय सांगायचं, सगळं घर तुरुंगात जाईल. मी दाराची कडी दोनदा चाचपून पाहिली. मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तोंडानं सगळे पोलिसांचं बोलत होते, आणि कुणीही जाऊबाईंकडे बघत नव्हतं.

कारण आमच्या घरातला एकजण पलटणीत होता. माझे थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान, मोठ्या लढाईत भरती होऊन आगबोटीतून बसऱ्याला गेले. तिथून त्यांची दोन कार्डं आली आणि पुढं काही नाही. त्याला चौदा वर्षं झाली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की त्याचे दिवस घालतात, त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात. भावकीतली माणसं दोन वर्षांपासून तेवढ्यासाठी खेटे घालत होती. सासूबाई त्यांना दारात उभं करत नसत. "माझा ल्योक येनार हाय. माझ्या सुनंच्या कपाळाला कुनी हात लावला तर हात मोडीन," असं त्या तोंडावर सांगत. त्या एका वाक्यावर जाऊबाईंचं कुंकू टिकून होतं. कुंकू होतं म्हणून हिरव्या बांगड्या होत्या, चार बायकांत बसणं होतं, मागावर चढणाऱ्या नव्या ताण्याची पूजा त्यांच्या हातून होत होती.

"वाच," सासऱ्यांनी बिल्ला माझ्या हातात दिला.

मी उजेडाकडे वळले. आकडे स्वच्छ होते. जाऊबाई दारात सुताच्या कांड्यांची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

"झिजलंय सगळं," मी म्हणाले. "फार जुनं दिसतंय. आजोबा-पणजोबांच्या काळातलं असेल."

सासऱ्यांनी लगेच मान डोलावली. इतकी लगेच, की मला त्यांची कीव आली. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांची नजर अधू झाली होती, त्यामुळे बिल्ला पाहण्याच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. "चिंधी द्या हिकडं," एवढंच म्हणाल्या. पट्टी त्यांनी बोटांत धरली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला. टोकाशी जाऊन अंगठा परत मागं आला. मग त्यांनी ती कनवटीला खोचली. सासरे तिन्हीसांजेला बिल्ला धोतराच्या सोग्यात घेऊन बाहेर पडले आणि तळ्यात टाकून आले.

मला गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी देव पुसायच्या निमित्तानं मी देव्हाऱ्यामागची दोन कार्डं काढली. वरच्या कोपऱ्यात पलटणीचा आकडा होता, तोच. बाळकृष्ण माझ्या हातून खाली पडला. एका पलटणीत हजारभर माणसं असतात, बिल्ला दुसऱ्या कुणाचाही असेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण दुसऱ्या कुणाचा बिल्ला आमच्या पडवीत कशाला येईल? आता मी बोलले तर जाऊबाईंचं कपाळ पांढरं होणार, नाही बोलले तर म्हातारी मेलेल्या लेकाची वाट बघत बसणार. जेवण जाईना. रात्री ह्यांनी विचारलं, "काय झालं गं?" तर मी उगीचच त्यांच्यावर खेकसले.

तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात आम्ही दोघीच रहाटावर कांड्या भरत होतो. मी म्हणाले, "अक्का, मला आकडे वाचता आले होते."

त्यांचा रहाट थांबला नाही. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड लपवता येत न्हाय तुला."

मग त्यांनी सांगितलं. लढाई संपली त्या साली तापाची साथ आली होती, घरोघर माणसं मरत होती. सासूबाई अंथरुणावर, शुद्ध नाही. घरातले बाकीचे शेजारच्या मयताला गेलेले. करमाळ्याकडचा एक शिपाई दारात आला, बिल्ला आणि एक चिठ्ठी जाऊबाईंच्या हातावर ठेवून पाणीसुद्धा न पिता गेला.

"चिठ्ठी चुलीत घातली. पितळ जळत न्हाय, म्हनून पुरलं. अंथरुणातल्या आत्तीला तवा सांगितलं असतं तर ती उठलीच नसती."

"आणि नंतर?"

रहाट तेव्हा थांबला. "नंतर मला भ्या वाटलं. एकोनीस वर्साची हुते मी. हितंच ऱ्हायचं हुतं मला, मान्सासारखं." मग तुटलेला धागा जोडत म्हणाल्या, "रडले बी न्हाय गं. रडले असते तर समजलं असतं की सगळ्यास्नी."

मला रडू फुटलं, आणि राग आला तोही स्वतःचाच. आम्ही चौघं या बाईला सांभाळून घेत होतो म्हणे!

"ती चिंधी कुठली?" मी विचारलं.

"माझ्याच लुगड्याच्या काठाची. मीच इनलेलं. ते गेल्यावर मागावर मीच बसत हुते की."

कापडाचा काठ चाचपून विणणाऱ्याचा हात ओळखणं आमच्या घरात पोरखेळ होता. जाऊबाईंचा डावा काठ नेहमी ओढला जायचा, थोडा चुणीदार व्हायचा. सासूबाई त्यावरून त्यांना रोज बोलायच्या. पट्टीवरून सासूबाईंचा अंगठा कसा मागं-पुढं फिरला ते मी सांगितलं. जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षांत त्यांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. सासूबाई काही बोलेनात. जेवण अर्ध्यावर सोडायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. भावकीतले एक काका आले की आमच्या दोघींचे हात कामात चुकायचे. त्यांनी नेहमीचा विषय काढला, तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच काही उलट बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अमावस्या हू द्या."

सर्वपित्रीला दर वर्षी आमच्याकडे गेलेल्या तीन पिढ्यांची तीन पानं कावळ्यांसाठी वाढत. त्या दिवशी सासूबाई स्वतः परसात येऊन बसल्या. मी तीन पानं मांडली. त्या म्हणाल्या, "आनि एक मांड."

सासरे दारातच थबकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि खांबाचा आधार घेऊन खाली बसले. त्यांना काही विचारावं लागलं नाही. मी चौथं पान मांडलं, भात वाढला, खीर वाढली, वडे ठेवले. जाऊबाई चुलीपासून उठल्या, शेंगाचटणीची वाटी घेऊन आल्या आणि त्या पानावर चिमूटभर चटणी ठेवली.

"आनिक घाल," सासूबाई म्हणाल्या. "लई आवडायची त्येला."

जाऊबाईंनी घातली, आणि बारा वर्षांचं रडू त्यांना तिथं फुटलं. पानाशेजारीच त्या मटकन बसल्या. चुलीच्या धगीनं आणि डोळ्यांच्या पाण्यानं कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलं होतं. सासूबाईंनी चाचपडत त्यांचं तोंड हातात धरलं आणि पदराचं टोक ओलं केलं. पदर कपाळाकडे गेला तसे मी डोळे मिटून घेतले. मला बघवेना.

उघडले तेव्हा नाकावरचा ओघळ तेवढा पुसलेला होता. म्हातारी करंड्यात बोट बुडवून सुनेच्या कपाळावर कुंकू नीट गोल लावत होती.